डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी, पश्चिम बंगालचे राज्यपाल

पाठाचा आधार: नहेम्या ५:१४–१९

उपदेशक बंधूंनी हा पाठ घेण्यापूर्वी वरील वचने मंडळीस सावकाश वाचून दाखवावीत. अर्तहशश्त राजाने नहेम्यास यहूदा देशावर अधिपती नेमिले. पूर्वीचे अधिपती लोकांपासून अन्न, द्राक्षारस व चाळीस शेकेल रुपे घेत असत. नहेम्याने मात्र बारा वर्षे अधिपतीच्या हक्काचे अन्न घेतले नाही. त्याच्या पंक्तीस दीडशे यहूदी बसत, रोज एक बैल व सहा निवडक मेंढरे शिजत. तरी त्याचा भार त्याने प्रजेवर घातला नाही. प्रजेवरचे ओझे आधीच जड होते, असे कारण तो देतो.

आमच्या देशात प्रांताचा असा अधिकार एका ख्रिस्ती गृहस्थाकडे आला होता, हे आमच्या खेड्यांतील पुष्कळ मंडळ्यांस ठाऊक नाही. हरेंद्रकुमार मुखर्जी यांचा जन्म १८८७ साली बंगालमधील एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. १९१८ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांस इंग्रजी विषयात डॉक्टर ही पदवी दिली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. पुढे त्याच विद्यापीठात ते अध्यापक झाले, आणि आपल्या मिळकतीचा मोठा भाग त्यांनी त्यासच देऊन टाकिला. ते दारूबंदीचे कैवारी होते. (ज्या गावी गुत्ता वेशीजवळ आहे तेथे ही गोष्ट अवश्य सांगावी.)

१९४७ च्या जानेवारीत घटना समितीने त्यांस उपाध्यक्ष निवडिले. अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे ते अध्यक्षही होते. येथे आमच्या लोकांस खरोखर लागणारा प्रश्न उत्पन्न होतो, म्हणून थोडे थांबू. १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात १७५ पैकी ३ जागा देशी ख्रिस्त्यांस राखून ठेविल्या होत्या. १९४९ च्या मे महिन्यात मुखर्जी यांनी सल्लागार समितीपुढे ठराव मांडिला की, अनुसूचित जातींखेरीज अन्य अल्पसंख्याकांस राखीव जागा नसाव्यात. समितीने तो स्वीकारिला. आपला मनुष्य अधिकारावर असता आपल्याच जागा सोडितो, हे काय, असे तेव्हा कित्येकांस वाटले असल्यास नवल नाही.

आमच्या मते त्यांचे करणे योग्य होते. तीन जागांच्या कुंपणात राहणाऱ्या समाजाचा कैवार इतर उमेदवार कशास घेतील? ज्याच्या मताची गरज पडते त्याच्या दारी पुढारी येतो.

परंतु दुसरी एक गोष्ट यात मिसळली जाते, ती उपदेशकाने निराळी करून सांगावी. १९५० च्या ऑगस्टात राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला; ख्रिस्त्यांचा झाला नाही. महारवाड्यातून व मांगवाड्यातून प्रभूकडे आलेल्या आमच्या कुटुंबांस जो तोटा सोसावा लागला तो या आदेशामुळे, मुखर्जींच्या ठरावामुळे नव्हे. ठराव कायदेमंडळातील जागांविषयी होता, आणि त्यात अनुसूचित जातींस हात लाविलेला नव्हता. अन्याय कोठे झाला हे नीट न पाहता भलत्याच मनुष्यास दोष देणे आम्हांस शोभत नाही.

१ नोव्हेंबर १९५१ रोजी ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. राज्यपालास राष्ट्रपती नेमितात. त्याची मुदत सामान्यतः पाच वर्षांची असते, आणि कारभार तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालवितो. त्या वेळी मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय हे होते. कलकत्त्याचे राजभवन म्हणजे १८०३ साली वेलस्लीच्या कारकिर्दीत पूर्ण झालेला गव्हर्नर जनरलचा वाडा. राज्यघटनेने तेव्हा राज्यपालाचे वेतन दरमहा ५,५०० रुपये ठरविले होते. त्यातील मोठा भाग मुखर्जी यांनी दानधर्मास लाविला. येथे नहेम्याचे चौदावे वचन मंडळीकडून पुन्हा वाचवून घ्यावे.

मुदत पुरी होण्यास तीन महिने उरले असता, ७ ऑगस्ट १९५६ रोजी, अधिकारावर असतानाच ते प्रभूकडे गेले.