मानमोडी आणि कोव्हिड

ताप व खोकला आला कीं 'हा फ्लू कीं कोव्हिड ?' असा प्रश्न आतां घरोघरीं निघतो, आणि पुष्कळदां त्याचें उत्तर अंदाजानेंच दिलें जातें. हा अंदाज कधीं कधीं महागांत पडतो. म्हणून या दोन रोगांतील साम्य व भेद थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम साम्य पाहूं. दोन्ही रोग विषाणूंपासून होतात व श्वसनमार्गावर घाला घालतात. रोगी खोकतो, शिंकतो किंवा नुसता बोलतो, तेव्हां सूक्ष्म तुषार हवेंत मिसळून जवळच्या मनुष्याच्या नाकातोंडांत शिरतात. ताप, खोकला, अंगदुखी, घसा धरणें व थकवा हीं लक्षणें दोहोंतही आढळतात. बहुतेक रोगी विश्रांतीनें बरे होतात. परंतु फुफ्फुसांस सूज आली म्हणजे दोन्ही रोग प्राणघातक ठरूं शकतात.

आतां भेद. दोहोंचे विषाणु निरनिराळ्या कुळांतील आहेत. फ्लू संसर्गानंतर साधारणतः १ ते ४ दिवसांत प्रकट होतो. कोव्हिडला २ पासून १४ दिवसही लागतात. त्यामुळें आपणांस रोग जडला आहे हें कळण्यापूर्वींच कोव्हिडचा रोगी दोन-तीन दिवस तो इतरांस देत असूं शकतो. वास व चव नाहींशी होणें हें लक्षण कोव्हिडमध्यें, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, अधिक आढळलें. रक्ताच्या गुठळ्या होण्याचें भयही त्यांत अधिक. एकाची लस दुसऱ्यापासून रक्षण करीत नाहीं. मात्र हे भेद नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहींत. खरा निर्णय तपासणीच करते.

फ्लूला क्षुल्लक समजणाऱ्यांनीं १९१८ सालचें स्मरण ठेवावें. त्या वर्षीं जून महिन्यांत हा रोग मुंबई बंदरांत शिरला व रेल्वेच्या वाटेनें देशभर पसरला. आपल्याकडे त्यास 'मानमोडी' म्हणत. पाऊसही त्या वर्षीं फसला होता. सप्टेंबरांत आलेली दुसरी लाट भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें मृत्यु पावलीं. १९११ ते १९२१ या दशकांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. विसाव्या शतकांत असें दुसरें दशक नाहीं. मानमोडीनें वीस ते चाळीस वर्षांचे धट्टेकट्टे स्त्रीपुरुष विशेषेंकरून नेले. कोव्हिडनें मुख्यतः वृद्धांस गांठलें.

दुसरा मोठा भेद ज्ञानाचा आहे. मनुष्याच्या फ्लूचा विषाणु १९३३ सालीं हातीं लागला, म्हणजे मानमोडीनंतर पंधरा वर्षांनीं. महाराष्ट्रांत कोव्हिडचा पहिला रोगी ९ मार्च २०२० रोजीं पुण्यास आढळला, तेव्हां त्या विषाणूची घडण शास्त्रज्ञांस ठाऊक झालेली होती. आणि १६ जानेवारी २०२१ रोजीं देशांत लसीकरण सुरूही झालें. तरीही शासकीय नोंदींप्रमाणें महाराष्ट्रांत १,४८,००० हून अधिक माणसें दगावलीं. ज्ञान असूनही तें आचरणांत आलें नाहीं, तर त्याचा उपयोग अर्धाच होतो.

आपलें उंब्रज कृष्णा व तारळी यांच्या संगमावर, पुणें-बंगळूर महामार्गालगत वसलें आहे. ज्या वाटेनें माणूस येतो त्याच वाटेनें रोगही येतो. परंतु माणूस म्हणजे रोग नव्हे. २०२० सालीं मुंबई-पुण्याहून सातारा-सांगलीकडे परतलेल्या आपल्याच माणसांस कित्येक गांवांच्या वेशीवर संशयानें पाहिलें गेलें. रोग्यास वेगळें ठेवावें, पण वाळींत टाकूं नये. त्याचें जेवण व औषध त्याच्या दारापर्यंत पोंचलेंच पाहिजे.

मुलांनो, ताप असतां हजेरीसाठीं शाळेंत येऊं नका. तुमचा दोन दिवसांचा अभ्यास भरून निघेल, पण शेजारच्या बाकावरील मुलाच्या घरीं वृद्ध आजी असेल. पालकांसही विनंती कीं, मागील वेळच्या उरलेल्या गोळ्या पाल्यास देऊं नयेत. प्रतिजैविकें विषाणूंवर चालत नाहींत. धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा मूल गुंगूं लागलें, तर क्षणभरही न थांबतां दवाखाना गांठावा. खिडक्या उघड्या ठेवणें, हात धुणें, खोकतांना तोंड झांकणें हे उपाय साधे आहेत. आणि रोग कोणता हें कळण्यापूर्वींही ते दोहोंवर सारखेच लागू पडतात.