उंबरठा काढाच

प्रश्न : माडावरून पडल्याने धाकट्या भावाची कमरेखालची शक्ती गेली. चाकाची खुर्ची घरात फिरत नाही. काय करावं? – एक वाचक, केळशी

उत्तर : आधी भावालाच विचारा, त्याला रोज कुठे जायचंय. बहुधा तो न्हाणीघर म्हणेल. घरचे मात्र अंगणापासून सुरुवात करतात. पायऱ्यांच्या जागी खुर्चीसाठी उतार करायचा तर तो 1:12 हवा, म्हणजे दीड फुटी जोत्याला 18 फूट लांबी. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा पृष्ठभाग खरखरीत ठेवा. उंबरठा काढायला वडीलधारे कचरतील, तरी काढाच. बिछान्यात दर 2 तासांनी त्याची कूस बदला, नाहीतर शय्याव्रण होतात. खर्चाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. उतारासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 38 नुसार जास्तीचा आधारही मागता येतो.