फ्लॅश गॉर्डन : पहिलं पान कुठलं?

होस्टेलमध्ये कॉमिक्स वाचणारे पुष्कळ आहेत. पण एखादी जुनी, लांबलचक मालिका समोर आली की सगळ्यांचा प्रश्न एकच : "सुरुवात कुठून करू?" मग कोणीतरी सांगतो पहिल्यापासून कर, कोणी सांगतो कुठूनही कर, आणि शेवटी आपण काहीच न वाचता मेसला जातो. मित्रांनो, सगळ्या मालिकांचं उत्तर माझ्याकडे नाही. एकाच मालिकेचं आहे, आणि तेही मी चुकत चुकत शोधलं. (माझी शाळा कॉन्व्हेंट. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी तपासले आहेत, त्यातूनही राहिले ते माझे.)

मालिका म्हणजे फ्लॅश गॉर्डन. नाव ऐकून नाक मुरडू नका. जॉर्ज लुकासला आधी याच्यावरच सिनेमा काढायचा होता, हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःचीच कथा लिहिली. ती १९७७ साली 'स्टार वॉर्स' म्हणून आली.

माझ्याकडे हा विषय आला मोरिवलीच्या काकांमुळे. काका एमआयडीसीत फिटर होते. तरुणपणी त्यांना इंद्रजाल कॉमिक्सचं वेड होतं. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून हे अंक सुरू केले आणि १९९० मध्ये बंद केले. मधल्या काळात आठशेच्या वर अंक निघाले, इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतरही भाषांत. पहिला अंक फँटमचा, म्हणजे आपल्याकडचा वेताळ. नंतर मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. काकांनी पगारातून पैसे वाचवून अंक जमवले आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. २६ जुलै २००५ ला त्यांच्या चाळीत पाणी भरलं, ट्रंकेतला खालचा अर्धा गठ्ठा लगदा झाला. वरचे वाचले. त्यात फ्लॅश गॉर्डनचे इंग्रजी अंक अकरा.

या अकरा अंकांत एक मोठी पंचाईत आहे. मोंगो नावाचा ग्रह येतो, मिंग नावाचा दुष्ट सम्राट येतो, बॅरिन नावाचा राजपुत्र फ्लॅशला मिठी मारतो, आणि सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात! पण हा पृथ्वीवरचा माणूस मोंगोवर गेला कसा? काकांची समजूत अशी की तो अंक खालच्या गठ्ठ्यात असणार. "बघ ना, नेमका पहिलाच भिजला," असं ते दर पावसाळ्यात म्हणतात. मागच्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काही दिवस वाचायला बंदी. मी शनिवार-रविवारी जात होते. मला म्हणाले, "पोरी, तू एवढं इंग्रजी शिकलीस, तर तो पहिला अंक शोध आणि मला मराठीत सांग."

शोधल्यावर कळलं की पहिला 'अंक' असा काही नव्हताच. फ्लॅश गॉर्डन हे मुळात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीतलं एक रंगीत पान. किंग फीचर्स या कंपनीला 'बक रॉजर्स' नावाच्या १९२९ पासून चाललेल्या पट्टीला तोड द्यायची होती. त्यांनी ॲलेक्स रेमंड या चित्रकाराला घेतलं आणि ७ जानेवारी १९३४ ला पहिलं पान छापलं. दर रविवारी एक पान. काकांच्या अंकांतल्या गोष्टी बऱ्याच नंतरच्या, म्हणजे सुरुवात होऊन कित्येक वर्षं उलटल्यावरच्या. तेव्हा पाण्याचा दोष नव्हता, पण हे काकांना लगेच सांगितलं नाही.

मग आमच्या एका सीनियरकडून जाडजूड पुस्तक मिळालं. टायटन बुक्सने २०१२ पासून रेमंडची पानं क्रमाने पुन्हा छापली आहेत, त्यातला पहिला भाग. इथे माझी चूक झाली. मी ते एका रात्रीत वाचून काढलं. पन्नास पानांनंतर डोकं गरगरायला लागलं. दर पानाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्याची उजळणी, दर पानाच्या शेवटी फ्लॅश कुठल्या तरी राक्षसाच्या तोंडात. अहो, ते आठवड्याला एक पान खाण्यासाठी बनवलंय, मी अख्खा डबा संपवला! काकांना सांगताना मात्र मी एका वेळी चार-पाचच पानं सांगायचे, आणि तेव्हा तीच गोष्ट मस्त रंगायची. तेव्हा कुठून सुरुवात करायची याच्याइतकंच किती वेगाने वाचायचं तेही महत्त्वाचं आहे.

पहिलं पान मात्र चुकवू नका. एका पानात काय काय बसवलंय बघा. एक अनोळखी ग्रह पृथ्वीवर आदळायला येतोय, जगभर घबराट आहे. विमानात फ्लॅश गॉर्डन, येल विद्यापीठाचा पदवीधर आणि नावाजलेला पोलो खेळाडू, आणि सहप्रवासी डेल आर्डन. उल्का लागून विमानाचा पंख तुटतो, दोघं पॅराशूटने उतरतात ते नेमके डॉ. झार्कोव्हच्या वेधशाळेजवळ. झार्कोव्हने रॉकेट बांधलंय. ते त्या ग्रहावर आपटून त्याची दिशा बदलायची, असा त्याचा बेत. तो पिस्तूल दाखवून दोघांना आत ढकलतो आणि रॉकेट सुटतं. संपलं पान! पुढे रॉकेट मोंगोवर कोसळतं आणि माणसं वाचतात.

इथे काकांनी मला थांबवलं. "असं आपटून ग्रह हलतो का गं?" मी मेकॅनिकलची, गप्प कशी बसणार. मी त्यांना नासाच्या डार्टची गोष्ट सांगितली. २६ सप्टेंबर २०२२ ला सुमारे ५८० किलोचं यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फस नावाच्या, साधारण १६० मीटरच्या छोट्या खडकावर मुद्दाम आदळवलं. हा खडक एका मोठ्या खडकाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, तो वेळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. म्हणजे कल्पना बरोबर! फक्त झार्कोव्हने वस्तुमान पाहिलं नाही. पृथ्वीएवढा ग्रह म्हणजे ६ वर २४ शून्यं इतके किलो. एका रॉकेटच्या संवेगाने त्याला काय होणार? हत्तीला डास चावल्याएवढंही नाही. फर्स्ट इयरचा संवेग-अक्षय्यतेचा नियम मला व्हायवात नीट सांगता आला नव्हता, काकांना सांगताना आला.

असो. पुढे काय वाचावं? १९३४ आणि ३५ ची पानं सलग वाचा, निदान मिंगच्या त्या मोठ्या स्पर्धेच्या प्रकरणापर्यंत. बॅरिन, मिंगची मुलगी ऑरा, पंखवाल्या माणसांचा राजा व्हल्टन हे सगळे याच काळात भेटतात. त्यानंतर सलग वाचायचा हट्ट धरू नका. रेमंडचं चित्र वर्षागणिक सुंदर होत गेलं, पण त्याने बोलण्याचे फुगे हळूहळू काढून टाकले आणि मजकूर चित्राखाली घातला. मग ते कॉमिक्स न राहता सचित्र गोष्टीचं पुस्तक होतं. डोळ्यांना मेजवानी, वाचायला जड. माझं मत, थेट १९३९-४० च्या बर्फाच्या राज्यावर उडी मारा. तिथली चित्रं पाहून मी पुस्तक अर्धा तास एकाच पानावर उघडं ठेवलं होतं. रेमंड १९४४ मध्ये मरीन्समध्ये भरती झाला आणि त्याने हे काम सोडलं.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, नाहीतर मला शिव्या द्याल. मिंगला पिवळ्या रंगाचा, चिनी वाटणाऱ्या नावाचा दाखवलाय. तेव्हाच्या अमेरिकेत आशियाई माणसांबद्दल जो द्वेष होता तो सरळसरळ त्यात उतरलाय, आणि ते वाचताना खटकतं, खटकायलाच हवं. दुसरं म्हणजे डेल. बिचारीला पळवतात, ती बेशुद्ध पडते, फ्लॅश सोडवतो, पुन्हा पळवतात. ऑरा निदान स्वतःच्या मनाने काहीतरी करते.

ज्यांना यानं, अवकाशस्थानकं, तुरुंग, गुरूची मोहीम असलं जास्त आवडतं त्यांनी रेमंड बाजूला ठेवून डॅन बॅरीपासून सुरुवात केली तरी चालेल. नोव्हेंबर १९५१ पासून त्याने रोजची कृष्णधवल पट्टी काढली. सुरुवातीच्या काही गोष्टी हार्वी कर्ट्झमनने लिहिल्या, तोच 'मॅड' मासिकवाला. पुढे बरीच वर्षं विज्ञानकथाकार हॅरी हॅरिसनने लिहिल्या. रोजच्या पट्टीत तीन-चार चौकटी, त्यामुळे गोष्ट भराभर पळते. काकांचे अंक मला याच धाटणीचे वाटतात. नवीन पानं २००३ मध्ये थांबली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये डॅन श्काडे या चित्रकाराने पुन्हा सुरू केली. पण ती सगळ्यात शेवटी घ्या, माणसं ओळखीची झाल्यावर.

काकांचे डोळे आता ठीक आहेत. मागच्या रविवारी त्यांनी पहिलं पान स्वतः पाहिलं, चष्मा लावून, बोट फिरवत. मग मी धीर करून सांगितलं की तुमचा पहिला अंक पुरात गेला नव्हता, आपल्या गोष्टी नंतरच्या होत्या. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं मी उगाच त्या पाण्याला शिव्या देतोय." काकू आतून म्हणाली, बाकीच्या गठ्ठ्यासाठी द्या.

चहा झाल्यावर त्यांनी अकरा अंक पुन्हा बाहेर काढले आणि विचारलं, "हा पोलो खेळणारा माणूस पुढे कधी पोलो खेळला का?" मला तरी ते पान अजून सापडलेलं नाही. कोणाला सापडलं तर लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा.