लपणारा बिघाड कसा शोधावा

यंत्र साफ बंद पडलें म्हणजे त्याचा दोष शोधून काढणें फारसें कठीण नसतें. दोष जागच्या जागीं ठाण मांडून बसलेला असतो. एकेक भाग तपासीत गेलें कीं तो हातीं लागतो. परंतु जो दोष सकाळीं नसतो, दुपारीं येतो आणि मिस्त्री दारांत येतांच नाहींसा होतो, तो चांगल्या चांगल्या कारागिरांनाही चकवितो. आमच्या वसतिगृहाच्या मोटारसायकलीनें गेल्या वर्षीं आम्हांला असाच चकवा दिला. त्या निमित्तानें आम्ही जें शिकलों, तें येथें क्रमवार मांडण्याचा विचार आहे. त्यांत यंत्राविषयींचें ज्ञान आहेच. परंतु माणसाला न्याय कसा द्यावा, हेंही थोडें आलें आहे.

ही गाडी दीडशें सी. सी. ची, कार्ब्युरेटरची आणि सहा वर्षें वापरलेली. तिला पायानें मारावयाची किक नाहीं. बटन दाबून विजेच्या स्टार्टरनेंच ती सुरू करावी लागते. पावसाळ्याच्या अखेरीस ती अधूनमधून अडूं लागली. सकाळीं एका दाबांत सुरू होई. बाजारांतून परततांना मात्र बटन दाबलें कीं 'टक्' असा आवाज येई, इंजिन किंचित् हुंकारे आणि पुढें सारें शांत. अर्ध्या तासानें पुन्हा दाबावें, तर जणूं कांहीं घडलेंच नव्हतें! एका रात्रीं वसतिगृहांतील एक मूल तापानें फणफणलें. औषध घेऊन परततांना गाडी दवाखान्याच्या दारांतच अडली, आणि औषध पोहोंचावयास तासभर उशीर झाला. मूल सुदैवानें बरें झालें. परंतु हा प्रकार असाच चालूं देणें योग्य नव्हे, हें सर्वांना पटलें.

पटलें खरें, पण आमच्या हातून आरंभींच दोन चुका झाल्या. पहिली चूक ही कीं, कांहींही न मोजतां आम्हीं नवी बॅटरी घेतली. चार दिवस गाडी उत्तम चालली. 'दोष सांपडला' म्हणून आम्ही निश्चिंत झालों, आणि पांचव्या दिवशीं तीच 'टक्' पुन्हा ऐकूं आली. दुसरी चूक याहून वाईट होती. दर शनिवारीं गाडी धुण्याचें काम इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्याकडे असे. "यानेंच कोठेंतरी पाणी घातलें असावें," असें आमच्यापैकीं एकानें म्हटलें, आणि इतरांनीं माना डोलावल्या. गाडीला हात लावावयाचा नाहीं, अशी त्यास ताकीद मिळाली. तो कांहीं बोलला नाहीं.

येथें प्रथम एक तत्त्व ध्यानांत घेतलें पाहिजे. कारणावांचून कार्य घडत नाहीं, मग तें कार्य कितीही लहरी दिसो. येणाऱ्याजाणाऱ्या बिघाडांत दोन गोष्टी असतात : एक कारण आणि दुसरें निमित्त. कारण म्हणजे सैल जोड, गंजलेली तार, चिरलेली कॉइल यांसारखा मूळचा दोष. तो रात्रंदिवस तेथेंच असतो. निमित्त म्हणजे उष्णता, ओल, थरथर किंवा हँडलाचें वळणें. तें आलें कीं दोष प्रकट होतो, गेलें कीं लपतो. यास्तव अशा प्रसंगीं कारणाच्या मागें एकदम धांवूं नये. आधीं निमित्त ओळखावें. निमित्त सांपडलें कीं कारणाची वाट तेंच दाखवितें.

निमित्त ओळखण्याचें साधन अगदीं स्वस्त आहे : वही आणि पेन्सिल. आम्हीं चौदा दिवस एक टांचणवही ठेविली. प्रत्येक वेळीं गाडी सुरू करतांना वेळ, इंजिन थंड कीं तापलेलें, पाऊस किंवा ओल, बटन दाबल्यावर झालेला आवाज आणि परिणाम, इतक्या गोष्टी लिहावयाच्या. चौदा दिवसांत गाडी ३१ वेळां सुरू करावी लागली. त्यांपैकीं ७ वेळां ती अडली. ते सातही प्रसंग इंजिन चांगलें तापल्यानंतरचे होते. पाऊस पडला त्या दिवशींही थंड इंजिन एकदांही अडलें नाहीं. शिवाय त्या चौदा दिवसांत गाडी कोणीही धुतली नव्हती. ज्या गोष्टीला आपण कारण मानतों ती दूर करूनही कार्य घडतच राहिलें, तर ती गोष्ट कारण नव्हे. तर्कशास्त्राचा हा साधा नियम आम्ही वर्गांत शिकवितों. आमच्या अंगणांत मात्र त्याचा आम्हांला विसर पडला होता.

आतां दोष कोणत्या भागांत आहे हें ठरवूं. गाडी सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : स्टार्टरनें इंजिन फिरविणें, योग्य क्षणीं प्लगमध्यें ठिणगी पडणें, आणि पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण आंत जाणें. बटन दाबल्यावर इंजिन जोरानें फिरत असेल, पण पेट घेत नसेल, तर स्टार्टर निर्दोष आहे. ठिणगी किंवा पेट्रोल यांकडे पाहावें. इंजिन फिरतही नसेल आणि 'टक्' असा आवाजही नसेल, तर इंजिन बंद ठेवण्याचें तांबडें बटन, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच व न्यूट्रलचा दिवा हे पाहावे. 'टक्' होते, पण इंजिन फिरत नाहीं, अशी स्थिति असेल, तर दोष बॅटरी, जाड तारा, त्यांचे जोड, स्टार्टरचा रिले किंवा खुद्द स्टार्टर यांपैकीं एकांत असावा. आमची गाडी या तिसऱ्या वर्गांतील होती.

एवढ्यावर पुन्हा अंदाज न बांधतां आम्हीं मोजमाप केलें. त्यासाठीं एक साधा मल्टिमीटर पुरतो. मात्र एक पथ्य पाळावें लागतें : बिघाड हजर असतांनाच मोजावें. चोर घरांत असतांनाच दार लावावयाचें. तो गेल्यावर लावून काय उपयोग? म्हणून गाडी वीस मिनिटें फिरवून आणली, आणि ती अडतांच मीटर लावला. १२ व्होल्टची निरोगी, पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखविते; आमची १२.७ दाखवीत होती. बटन दाबल्यावर हा आंकडा थोडा उतरतो; तो १० च्या बराच खालीं गेला, तर बॅटरीवर संशय घ्यावा. आमचा ११.६ वर थांबला. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोंकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून बटन दाबलें. ह्या दोन जागा जाड तारेनें जोडलेल्या असतात. त्यांच्यामध्यें फार तर दोन-तीन दशांश व्होल्टचें अंतर असावें. मीटरनें दाखविले ५.८ व्होल्ट ! बॅटरीचा जवळजवळ अर्धा दाब वाटेंतच नाहींसा होत होता.

ह्याचें रहस्य ओहमच्या नियमांत आहे. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला हा नियम आपण शाळेंत पाठ करतों : दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. समजा, एखाद्या जोडांत गंजामुळें एक दशांश ओहम इतका अल्प रोध उत्पन्न झाला. अडीच अँपियर घेणाऱ्या हॉर्नच्या वाटेवर असा जोड असला, तर पाव व्होल्ट वाया जाईल. हॉर्न पूर्वीसारखाच वाजेल. परंतु स्टार्टरला इंजिन हलवितांना साठ अँपियर लागले, तर त्याच जोडांत सहा व्होल्ट वाया जातील, आणि स्टार्टरच्या वाट्याला उरेल अर्धपोट शिधा. 'हॉर्न खणखणीत वाजतो, मग विजेचा दोष कसा असेल ?' असें पुष्कळ जण विचारतात. त्याचें उत्तर हें. लहान ओझ्याखालीं जो पूल मजबूत वाटतो, तो मोठ्या ओझ्याखालींच पारखला जातो.

तार जेथें इंजिनाला बोल्टनें बसविली होती, तेथें पाहतां बोल्ट किंचित् सैल आणि तारेच्या टोंकाखालीं हिरवट-पांढरा थर आढळला. इंजिन तापलें कीं धातु प्रसरण पावत आणि थरथरीनें तो जोड आणखी ढिला पडे. निवलें कीं पुन्हा टेके. किल्ली बंद करून, बॅटरीची ऋण तार आधीं सोडवून, आम्हीं तें टोंक व त्याखालची जागा पॉलिश पेपरनें चकचकीत केली, नवा वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळला, आणि ओल शिरूं नये म्हणून वरून पेट्रोलियम जेलीचा हात दिला. पुन्हा मोजतां ५.८ च्या जागीं ०.१ व्होल्ट आला. मागें नवी बॅटरी बसवितांना तारा हालल्या, जोड तात्पुरता टेकला, आणि तेवढ्यानें चार दिवस निभावले, असा उलगडाही झाला. सुधारणा झाली म्हणजे कारण सांपडलें, असें नव्हे. एका वेळीं एकच बदल करावा आणि बदलाच्या आधीं व नंतर मोजावें. म्हणजे अशी फसगत होत नाहीं.

लपणारे बिघाड आणखीही आहेत. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर गाडी बंद पडते आणि थोड्या वेळानें सुरू होते, असें झाल्यास टाकीचें झाकण उघडून पाहावें. 'फुस्' असा आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे. पेट्रोल खालीं उतरतें, पण त्याची जागा घेण्यास हवा शिरत नाहीं. तापल्यावर ठिणगी जाते आणि निवल्यावर येते, असें आढळल्यास कॉइल तपासून घ्यावी. हँडल वळविलें कीं सारे दिवे जातात, तर मानेजवळच्या तारांत तुटलेला धागा असावा. भारतांत १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ नियम लागू झाले, आणि नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागीं बहुधा पेट्रोलची फवारणी आली. तेथें किल्ली फिरवितांच पंपाचा क्षणभर होणारा 'घूं' असा आवाज ऐकावा. तो कधीं होतो आणि कधीं होत नाहीं, हेंही वहींत टिपण्याजोगें आहे.

पालकांस एक विनंति. मुलांना असें काम करूं द्यावें, परंतु आपण जवळ उभें राहावें. बंद खोलींत इंजिन चालवूं नये. त्याचा धूर प्राणघातक असतो. पेट्रोलजवळ ठिणगीची परीक्षा करूं नये. हातांतील आंगठी व कडें काढून ठेवावें, आणि काम संपल्यावर बॅटरीची ऋण तार सर्वांत शेवटीं जोडावी.

असो. ज्या दिवशीं गाडी दुरुस्त झाली, त्या दिवशीं प्रार्थनेनंतर आम्हीं त्या विद्यार्थ्यास पुढें बोलाविलें, टांचणवही सर्वांसमोर वाचून दाखविली आणि त्याची क्षमा मागितली. खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा आपण लहानपणापासून ऐकतों. न्यायालयांत उभें राहून खोटें बोलणें एवढाच तिचा अर्थ आम्ही आजवर समजत होतों. न मोजतां, न पाहतां, केवळ अंदाजानें कोणास दोषी ठरविणें, हीही खोटी साक्षच होय. बोल्ट आवळावयास पांच मिनिटें लागलीं; त्या मुलाला हा बोल अडीच महिने वागवावा लागला होता. आतां दर शनिवारीं गाडी तोच धुतो, आणि पाना घेऊन तो जोड घट्ट आहे कीं नाहीं, तेंही तोच पाहतो.