रतीब घालण्याआधी

खानदेशात दूधवाल्याचा नमुना घेतला म्हटलं की गावात एकच अर्थ निघतो: पाणी घातलं असेल. मी पाणी घातलं नव्हतं, तरी माझं दूध 'कमी दर्जाचं' ठरलं. ठरवणाऱ्यांनी तेही नियमाला धरूनच ठरवलं. डेअरीच्या दराला कंटाळून शहरात थेट रतीब लावायच्या विचारात असलेली बरीच पोरं हल्ली भेटतात. दर किती मिळतो आणि पेट्रोल किती लागतं एवढंच ती विचारतात. कॅनमध्ये दूध कोणतं भरणार, हे कोणी विचारत नाही.

आमचं गाव पारोळा तालुक्यातलं. जिल्हा जळगाव, पण बाजार, दवाखाना आणि सोयरीक सगळी धुळ्याकडची. पहाटे धार काढून मोटारसायकलला कॅन अडकवले की उन्हं चढायच्या आत धुळ्यातल्या पारोळा रोडची गिऱ्हाइकं उरकून देवपुरात शिरता येतं. दूध विकायला लागणारी अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र धंद्याच्या जागेची असते. गोठा जळगाव जिल्ह्यात, म्हणून माझा अर्ज जळगावकडे गेला. नमुना घेतला तो धुळ्यात, कारण विक्री तिथे. एका कार्यालयाचा कागद दुसऱ्या जिल्ह्यात चालतो का, असं पुष्कळ जण विचारतात. कागद चालतो, पण तो जवळ असला पाहिजे. घरी कपाटात ठेवलेल्या प्रमाणपत्राचा रस्त्यावर काही उपयोग नाही. त्याची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून गाडीच्या डिकीत टाकावी.

पारावर ठामपणे सांगितलं जातं की शेतकऱ्याला अन्न सुरक्षेचा कायदा लागूच नाही. त्यात अर्धं खरं आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि त्याच्या कलम १८ मध्ये शेतकरी आणि शेतावरचं उत्पादन वगळलेलं आहे. पण परवाने आणि नोंदणीच्या २०११ च्या नियमांत दूध उत्पादकाला सूट दिलीय ती एका अटीवर: तो नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद असला पाहिजे आणि त्याने आपलं सगळं दूध त्या संस्थेला घातलं पाहिजे. 'सगळं' या शब्दावर बोट ठेवा. सकाळचं दूध डेअरीला आणि संध्याकाळचं चार घरी रतीबाला दिलं की ती सूट संपली. दारोदार माप घेऊन फिरणारा माणूस कायद्याच्या लेखी अन्न व्यावसायिक झाला, मग त्याच्या सातबाऱ्यावर कितीही एकर असोत.

नोंदणी अवघड नाही. दिवसाला ५०० लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्याला साधी नोंदणी पुरते, त्यापुढे परवाना लागतो. मी भरली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. अर्ज केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, फॉसकॉस या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. एजंटाला हजार-दोन हजार मोजायची काही गरज नाही, मोजणारे मोजतात. चौदा आकडी क्रमांक मिळतो. नोंदणी असेल तर पहिला आकडा २ आणि परवाना असेल तर १. हॉटेल किंवा मिठाईवाल्याला दूध द्यायचं असेल, तर तो आधी हाच क्रमांक मागेल. कारण नोंदणी किंवा परवाना असलेल्याकडूनच माल घ्यायचा, अशी अट त्याच्या परवान्यात असते.

आता नमुन्याकडे येतो. मे महिन्यातली सकाळ होती, निम्मी गिऱ्हाइकं उरकली होती. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. बोलणं सभ्य होतं. पंच म्हणून शेजारच्या दुकानदाराला बोलावलं. पळीने कॅनमधलं दूध खालून वर ढवळून घेतलं, अर्धा लिटर मोजलं आणि चार बाटल्यांत सारखं वाटलं. दूध वाटेत नासू नये म्हणून प्रत्येक बाटलीत फॉर्मलिनचे थेंब टाकले. बुचं लावली, कागदात गुंडाळून दोरा बांधला, लाखेचं सील केलं. माझी सही अशी घेतली की निम्मी चिठ्ठीवर आणि निम्मी वेष्टणावर यावी. दुधाचे पैसेही दिले, चालू दराने. ते घ्यायचे असतात, लाजायचं नाही.

चार भागांतला एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग आपण मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवता येतो, आणि ही मागणी तिथल्या तिथे लेखी द्यायची असते. दोन्ही अहवालांत फरक पडला तर ठेवलेल्यापैकी एक भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांत यायला हवा, आणि तो हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. रस्त्यावर घाम फुटलेला असताना यातलं काही आठवत नाही, म्हणून आधीच एखाद्या कागदावर लिहून ठेवा.

माझ्या नोटिशीवर नमुन्याचं नाव म्हणून एकच शब्द होता: दूध.

कॅनमध्ये गायीचं आणि म्हशीचं दूध एकत्र होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. आमच्याकडे निम्मे रतीबवाले असंच घालतात, कारण नुसतं म्हशीचं परवडत नाही आणि नुसतं गायीचं पातळ वाटतं. गायीच्या दुधाला किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घनपदार्थ, लागतं. म्हशीच्या दुधाला ५ आणि ९. जुन्या माणसांच्या डोक्यात म्हशीचा आकडा ६ असतो, कारण महाराष्ट्रात पूर्वी तोच होता. मिश्र दुधाला ४.५ आणि ८.५. माझ्या नमुन्यात फॅट निघालं ४.६ आणि एसएनएफ ८.६. मिश्र दूध म्हणून पास. पण दूध कोणत्या प्रकारचं हे न सांगता विकलं, तर त्याला म्हशीच्या दुधाचा निकष लागतो. त्या निकषावर दोन्ही आकडे नापास.

अपील करून उपयोग नव्हता. प्रयोगशाळेने मोजलं ते बरोबर होतं. दुसऱ्या प्रयोगशाळेतही तेच आकडे आले असते. प्रश्न निकषाचा होता, म्हणून तो सुनावणीत मांडला. कमी दर्जाच्या अन्नाला कलम ५१ खाली ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण रक्कम ठरवताना काय पाहायचं, ते कलम ४९ मध्ये लिहिलंय: किती फायदा उपटला, कोणाचं नुकसान झालं, आधी असं घडलंय का, आणि माणसाला त्याची कल्पना होती का. माझ्याकडे गावच्या डेअरीत रोज काढलेल्या फॅटच्या चिठ्ठ्या होत्या, गायीच्या वेगळ्या आणि म्हशीच्या वेगळ्या. त्या तारीखवार लावून दिल्या. वकिलाच्या भाषणापेक्षा त्या चिठ्ठ्यांनी जास्त काम केलं. दंड झालाच, पण सोसवेल एवढा. 'असुरक्षित' असा शेरा असता तर प्रकरण फौजदारी कोर्टात गेलं असतं. ते पाणी वेगळं.

खरा फटका गिऱ्हाइकांचा बसला. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'भेसळ' हा शब्द फिरला आणि आठवड्यात रतीब गळाले. देवपुरातल्या एका आजींनी तेवढं सोडलं नाही. म्हणाल्या, ''आम्हले काय करनं ते कागदनं, साय ते चांगली येस!''

तेव्हापासून माझे दोन कॅन वेगळे. एकावर ऑइलपेंटने 'म्हशीचे निरसे दूध, उकळून प्यावे' आणि दुसऱ्यावर 'गायीचे निरसे दूध, उकळून प्यावे', खाली नोंदणी क्रमांक. मिश्र विकायचं असेल तर तसं लिहा, त्यात काही कमीपणा नाही. आणि अधिकारी नोटीस लिहितात तेव्हा नमुन्याच्या नावापाशी थांबा. कॅनवर जे आहे तेच तिथे लिहून घ्या, मगच सही करा.

प्रकार लिहिला म्हणून फॅट वाढत नाही, हेही खरं. पारडूला शेवटची धार सोडायची आमच्यात रीत आहे. पण फॅट सगळ्यात जास्त त्या शेवटच्या धारेतच असतं. पारडू जगलं पाहिजे, म्हणून मी त्याला सुरुवातीचं पाजतो आणि शेवटचं काढून घेतो. संध्याकाळची धार लवकर आणि सकाळची उशिरा काढली, तर रात्रभर साठलेलं सकाळचं दूध पातळ येतं, आणि नमुने बहुधा सकाळीच होतात. त्यात दूध रस्त्यावर हिंदकळत-थांबत जातं तशी साय वर येते. पहिल्या चार घरांना मलई आणि शेवटच्यांना उरलेलं असं होतं. दर मापाआधी पळी फिरवा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा कॅनमध्ये बर्फाची लादी सोडणारे आहेत, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने वितळलेला बर्फ म्हणजे पाणीच, आणि पाणी घातलेलं दूध विकायला बंदी आहे. बर्फ बंद बाटलीत भरून कॅनला बाहेरून लावा, नाहीतर ओलं गोणपाट गुंडाळा. दूध फाटू नये म्हणून चिमूटभर सोडा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकणं ही तर सरळ भेसळ. ती करणाऱ्याची बाजू घ्यायला मी येणार नाही.

चाऱ्याबद्दल एक सांगतो, कारण याकडे कोणाचंच लक्ष नाही. आपल्याकडे कपाशीचा मुलूख, त्यामुळे सरकी ढेपेवाचून म्हैस पान्हवत नाही अशी समजूत. पावसाळ्यात ओल धरलेल्या ढेपेला बुरशी येते आणि त्या बुरशीचं विष दुधात उतरतं. त्याला अफ्लाटॉक्सिन एम-१ म्हणतात, आणि ते उकळून जात नाही. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ नमुने तपासले. त्यात मानवी आरोग्याला धोक्याची भेसळ १२ नमुन्यांत निघाली, आणि हे विष मर्यादेपेक्षा जास्त ३६८ नमुन्यांत. म्हणजे भेसळीची आरडाओरड करताना आपण गोठ्याच्या कोपऱ्यातलं पोतं पाहत नाही. बुरशी आलेली ढेप उकिरड्यावर टाका, निवडून-वाळवून घालू नका. दगडी झाली म्हणून सडात ट्यूब सोडली, तर तिच्या वेष्टणावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध विकायचं नाही. कालवडी-वगारींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात विचारा. निरशा दुधातून हा रोग माणसाला होतो, आणि सगळ्यात आधी होतो तो धार काढणाऱ्याला.

मापाचंही असंच. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का नसलेलं माप वापरणं हा वेगळा गुन्हा आहे. मापाची फेरतपासणी दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी.

हल्ली शिकलेली पोरं काचेच्या बाटल्या घेऊन उतरतात. बाटली बंद करून लेबल लावलं की ती पॅकबंद वस्तू झाली. नाव, पत्ता, वजन-माप, तारीख, किंमत आणि नोंदणी क्रमांक हे सगळं त्यावर आलं पाहिजे. दुधातल्या प्रथिनाच्या प्रकारावरून 'ए-टू' लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने असे दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. अशा धरसोडीवर धंद्याचं नाव उभं करू नये, असं माझं मत. पोरं ऐकत नाहीत.

कधी कधी कोणी मुंबई-पुण्याहून येतं आणि निरसं दूध कच्चंच प्यावं, परदेशात लोक रांगा लावतात असं सांगतं. स्कॉटलंडने १९८३ मध्येच निरशा दुधाच्या विक्रीवर बंदी घातली, कॅनडात १९९१ पासून बंदी आहे. आपल्याकडे ते विकता येतं, कारण आपल्या आया-बहिणी ते आल्याबरोबर गॅसवर ठेवतात. कच्चं पिण्यासाठी म्हणून दूध मागणाऱ्याला मी देत नाही.

एवढं करून परवडतं का, असं विचाराल तर हिशोब डेअरीचा दर सोडूनही करावा लागतो. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला सरकारने लिटरमागे अनुदान दिलं, ते डेअरीला घातलेल्या दुधाला. रतीबाच्या दुधाला एक पैसा नव्हता. म्हणून आमच्या घरात आता वाटणी झालीय. गायी बायकोच्या नावावर, ती सोसायटीची सभासद, आणि तिचं सगळं दूध डेअरीला. म्हशी माझ्या, नोंदणी माझी, आणि रतीब फक्त म्हशीचा. गायीच्या कॅनवरचं नाव पुसून टाकलं.

अडचण उन्हाळ्यात येते. म्हशी आटतात, आणि दोन लिटर गायीचं मिसळून वेळ निभावता येईल असं दर वर्षी वाटतं. तेव्हा गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की महिना-दीड महिना पिशवी घ्या. श्रावणात म्हशी व्यायला लागल्या की काही जण स्वतःहून फोन करतात, काहींना मला करावा लागतो, आणि दोन-चार घरं पिशवीवरच राहतात.