डोळ्यांवर नको, गेजवर विश्वास ठेव

अँकरेज, १२ मे

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

फेअरबँक्सच्या हँगरमध्ये तुला सुपर कब विमानाच्या चाकांचं काम दिलं, हे वाचून आनंद झाला. बर्फ गेलं की अलास्कातल्या वैमानिकांना नदीच्या वाळवंटात, टुंड्रावर, समुद्रकाठी उतरायचं असतं. ३१ इंची बुशव्हील त्यासाठीच असतात. हे टायर मुळातच मऊ. त्यामुळे हवा बरोबर असली तरी ते बसलेले दिसतात आणि कमी असली तरी तसेच दिसतात. म्हणून या कामात नजरेच्या अंदाजाला काही किंमत नाही, हे आधी मनाशी पक्कं कर.

हवेचं बघ. मोटारीच्या टायरात ३२ पीएसआय असतात. तिथे दोनची चूक म्हणजे सोळावा हिस्सा. इथे दहाच्या आसपास काम चालतं, तेव्हा तीच चूक पाचवा हिस्सा होते. म्हणून कमी दाब नेमका दाखवणारं वेगळं गेज ठेव. हवा भरण्याआधी वैमानिकाला विचार, ‘उतरणार कुठे?’ मऊ वाळूत कमी हवा लागते, कारण टायर पसरतो आणि रुतत नाही. डांबरी धावपट्टीवर तेवढ्याच हवेत ब्रेक मारला, तर टायर रिमवर सरकू शकतो. ट्यूबचा टायर असेल तर व्हॉल्व्ह तुटतो. बुशव्हीलचा व्हॉल्व्ह टायरच्या बाजूलाच असतो, म्हणून तो वाचतो. टायर आणि रिम यांवरून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेव. रेघ तुटलेली दिसली की टायर सरकला. वैमानिकाचं ऐक, पण विमानाच्या कागदपत्रांतली मर्यादा ओलांडू नकोस.

थंडीचाही हिशेब धर. हँगरमध्ये २० अंशांना भरलेले १० पीएसआय बाहेर शून्य अंशावर सव्वाआठच्या आसपास येतात. विमान बाहेर काढून चाकं गार होऊ दे, मगच आकडा लिही.

आता तोल. ताशी ६५ किलोमीटरने धावताना ३१ इंची चाक मिनिटाला चारशेहून जास्त फेरे घेतं. वेग दुप्पट झाला की जड बाजूची ओढ चौपट होते. जमीन सुटल्यावर विमानाच्या पायांवरचा भार जातो, चाक मात्र फिरतच राहतं आणि सगळं विमान थरथरतं. ‘जरा ब्रेक दाबला की थांबतं,’ असं वैमानिक सांगतील. थरथर थांबली तरी दोष चाकातच राहतो. तो काढणं तुझं काम.

चाक आधी धुऊन घे. आत सुकलेला चिखलही तोल बिघडवतो. बेअरिंगमधलं जाड ग्रीस पूस, नाहीतर चाक अडखळतं आणि खोटं उत्तर देतं. तोल बघायच्या स्टँडवर चाक मोकळं सोड. जड बाजू खाली येईल, तिथे खडूची खूण कर आणि समोरच्या बाजूला वजन लाव. मग चाक पाव-पाव फेरा फिरवून सोड. कुठेही सोडलं तरी जागचं हललं नाही, म्हणजे तोल साधला. इथे एक गोष्ट नवखे विसरतात. रिम सहा इंची, म्हणजे मध्यापासून तीन इंच. टायरचा बाहेरचा भाग मध्यापासून पंधरा इंच. बाहेरच्या २० ग्रॅमला रिमवर १०० ग्रॅम लागतात. म्हणून टायर बसवतानाच त्याची हलकी बाजू कुठे यावी, हे निर्मात्याच्या पुस्तकात बघून बसव. पंक्चर काढलं की तोल पुन्हा तपास.

आणि जिवाची गोष्ट. रिम दोन अर्ध्यांची, बोल्टांनी जोडलेली असते. सगळी हवा सोडून व्हॉल्व्हचा कोअर बाहेर काढल्याशिवाय एकाही बोल्टला पाना लावू नकोस. दाब कमी वाटला तरी आत हवा असताना रिम सुटली, तर ती माणसाला मारू शकते.

वैमानिक घाईत असतील, उजेड जातोय म्हणतील. त्यांना थांबव. ते जिथे उतरणार तिथे ना दुसरं चाक मिळणार, ना तू असणार. गेज लावून स्वतः आकडा वाचल्याशिवाय लॉगबुकवर सही करू नकोस, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी.

तुझा,
मामा