एकच डोह धरा

चि. सोनू हिस,


मुलांना घेऊन रानातल्या डोहांवर पोहायला जायचं, तंबू ठोकून राहायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवलंत याचा मला मनापासून आनंद झाला. पोरांच्या अंगाला वाहतं पाणी लागायलाच हवं. तू जागांची लांबलचक यादी पाठवून ‘यातल्या कुठल्या चांगल्या?’ असं विचारलं आहेस. माझं सांगणं असं, की ती यादी बाजूला ठेव. एक गाव निवड, त्या गावचा एक डोह निवड आणि पुढची काही वर्षं तिथेच जात राहा.

कारण सह्याद्रीतला डोह दोन महिने सारखा राहत नाही. वैशाखात ज्या दगडावर बसून पाय सोडायचे, तो आषाढात पुरुषभर पाण्याखाली असतो. एका पुरात तळाची वाळू वाहून जाते, कुठून तरी झाडाचा बुंधा येऊन कपारीत अडकतो. गेल्या वर्षी कमरेइतकं पाणी होतं म्हणून यंदाही तेवढंच असेल, असं धरून चालता येत नाही. डोह उन्हाळ्यात आटलेला पाहिला, त्याचे कडे, खड्डे, कपारी डोळ्यांखालून घातल्या, की कार्तिकात भरलेल्या पाण्यात कुठे उतरायचं ते कळतं. दर आठवड्याला नवी जागा पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

आपला दगड काळा बसाल्ट. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं फिरून त्यात रांजणखळगे कोरतात. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात ते मुलांना नक्की दाखव, पण काठावरूनच. अशा खळग्याच्या भिंती आतून गुळगुळीत असतात आणि पुष्कळदा तोंडापेक्षा पोट रुंद असतं. आत गेलेल्याला बोट रोवायला जागा मिळत नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. धबधब्याच्या पायथ्याचा कोंडही तसाच फसवा. वरून पडणारी धार माणसाला खाली दाबते. भिऱ्याजवळच्या देवकुंडाचं निळं पाणी फोटोत शांत दिसतं, पण पावसाळ्यात तिथे जायला प्रशासन बंदी घालतं, ते उगाच नाही.

पावसाळ्यात पाणी पाहायला जा, पाण्यात उतरू नका. जून ते सप्टेंबर हा नियम मोडायचा नाही. रविवार, ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहात उभं असताना वरून लोंढा आला. एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं साऱ्या महाराष्ट्राने व्हिडिओत पाहिली. पाच जण गेले, त्यांत लहान मुलं होती. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस खाली उन्हात बसलेल्या माणसाला दिसत नाही. म्हणून पाण्याकडे लक्ष ठेवायचं. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, पाण्याचा आवाज जड झाला, यातलं एक जरी जाणवलं तरी सामान तिथेच टाकून उंचावर चढायचं. जेवायला नेहमी परतीच्या वाटेच्या काठावर बसायचं, पलीकडच्या किंवा पात्रातल्या खडकावर नाही.

धरणाखालच्या नदीला तर ऋतूही नसतो. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिका भर मे महिन्यातही वाढते. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. अशा नदीवर पाणी कधी सोडतात हे गावात विचारल्याशिवाय पाय घालू नका.

हे विचारणं फार महत्त्वाचं. गावात पोचलात की आधी पाण्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना, म्हशी पाण्यावर आणणाऱ्या पोराला विचारा, ‘इथं तुम्ही पोहता का? कुठं उतरता?’ गावची पोरं जिथे पोहत नाहीत, तिथे आपण पोहायचं नाही. काठावर शेंदूर फासलेले सात दगड दिसले तर ते साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवतांचं, ठाणं. तुझा विश्वास असो नसो, त्या पाण्याने माणसं नेली असतील म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे हात जोडत आले, एवढं समज. काही डोह माशांसाठी राखलेले असतात. महाडजवळ वाळण कोंडीतले मासे देवीचे मानतात, त्यांना कोणी धरत नाही. तिथे चुरमुरे टाकावेत आणि मुलांना मासे पाहू द्यावेत.

आता पोहण्याचं. मुलांना आधी जलतरण तलावात शिकव, नदीवर शिकवणी नको. पूर्वी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडायचे, पण दोराचं दुसरं टोक धरून जाणता माणूस वर उभा असायचा. आज भोपळ्याच्या जागी मापाचं लाइफ जॅकेट घाल. ट्यूब मुळीच नको, ती उलटते आणि पोर खाली राहतं. लहान पोराजवळ मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असायचं. सूर मारायचा नाही, आधी पाय टेकवून पाणी पाहायचं. मोठ्यांपैकी एकाने पाळीपाळीने फक्त राखण करायची, हातात फोन नाही. बुडणारं पोर आरडाओरडा करत नाही, गुपचूप खाली जातं. कोणी बुडू लागलं तर एकदम उडी टाकू नका. दोर, ओढणी, फांदी, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबा आणि १०८ लावा. हे दोघांनीही आधी शिकून घ्या.

मुक्कामाचं. रान कोणाचं नाही असं समजू नकोस. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत. तिथे वन्यजीव कायद्याचे नियम लागतात. राखीव वनात आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. आधी वनरक्षकाला किंवा परिक्षेत्र कार्यालयात विचारा. गावची वन समिती प्रवेशाचे पैसे घेत असेल तर आनंदाने द्या. गावकऱ्यांनी परवानगी दिली तर देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपायला मिळतं आणि लहान मुलांसकट पहिल्या मुक्कामाला तीच जागा उत्तम. माघ-फाल्गुनापासून गवत वाळलेलं असतं, तेव्हा शेकोटीचं नाव काढू नका. एका ठिणगीने डोंगर जळतो आणि गुरांचा चारा जातो. गावातल्या एखाद्या घरी भाकरी-पिठलं सांगा आणि घासाघीस न करता पैसे द्या.

तंबू कोरड्या ओढ्यात, कड्याच्या पायथ्याशी किंवा वाळक्या फांदीखाली ठोकू नका. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर दूर राहा, तिथे धूर आणि अत्तर नको. तंबूची चेन रात्रभर लावलेली असू द्या. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. दगडांत फुरसं असतं, म्हणून टॉर्चशिवाय पाऊल नाही. साप चावला तर कापायचं, चोखायचं, आवळून बांधायचं काही नाही. अंग हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. ते किती दूर आहे हे निघण्याआधीच पाहून ठेव.

शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा करून. डोहात साबण नाही, खालच्या वाडीला तेच पाणी प्यायला लागतं. डायपर, वेफर्सची पाकिटं सगळं परत आणायचं.

एकाच जागी जात राहिलात तर यातलं बरंचसं सांगावंही लागणार नाही. गावच तुम्हाला सांगेल, ‘आज पाण्यावर जाऊ नका.’ ओळख असलेल्या माणसालाच कोणी असं अडवतं, आणि माझ्या मते मुलांसाठी याहून मोठी राखण नाही. शिवाय दोन वर्षांत मुलंच तुला सांगू लागतील, की यंदा वाळू सरकली, जांभळाची फांदी मोडली, खंड्या बसायचा तो दगड बुडाला. ज्या पोरांनी एक नदी अशी ओळखली, ती पुढे कुठल्याही नदीपुढे जपून वागतील आणि तिच्यात घाण टाकणार नाहीत.

दिवाळीनंतर पाणी नितळ होतं, रात्री थंडी पडते. पहिली खेप तेव्हाच कर, मुक्काम एकच रात्र. जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा. गाव नक्की केलंस की कळव, तिथला डोह उन्हाळ्यात पाहिलेलं कोणी भेटतं का ते मी शोधतो.

तुझा,
मामा